विनीने दिलेली किल्ली

माझी बायको विनी गेल्याचं मला तिच्या बहिणीने, हेस्टरने सांगितलं. रविवार होता. सकाळी विनीने नेहमीसारखी घड्याळाला आठवड्याची किल्ली दिली, टोपी घातली आणि ती चर्चला गेली. मी सर्दीमुळे घरीच होतो. दुपारी हेस्टर एकटी आली, घड्याळाच्या फळीजवळ गेली आणि तिने लंबक हाताने धरला. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे घड्याळ थांबवतात. मला कळलं.

दफन झाल्यावर ते पुन्हा चालू करायचं असतं. मी केलं नाही.

घड्याळ विनीच्या पणजोबांचं. हॉलकोंब घड्याळ कंपनीचा कारखाना जळाला त्याच्या आधीचं. कंपनी पुन्हा उभी राहिली. मी तिथे तीस वर्षं यंत्रं जुळवली, विनीने तबकड्या रंगवल्या. सात वर्षांपूर्वी कंपनी कायमची बंद पडली. आता गावच्या संग्रहालयात तिचं प्रदर्शन होणार होतं आणि संग्रहालय हेस्टरकडे आहे. आगीआधीचं घड्याळ गावात हे एकच उरलंय.

गुरुवारी ती घड्याळ न्यायला आली. आतला कंपनीचा कागद तिला वाचता यावा म्हणून मी तबकडी काढून ठेवली होती.

"चार महिने झाले, एमरी. लोणचं घालणार आहेस का याचं?" म्हणत तिने घड्याळ उचललं.

टक.

"खाली ठेव. हळू."

"काय झालं?"

"टोलाच्या बाजूचा खटका सुटतोय."

स्प्रिंग मागे फिरू नये म्हणून तिला तो एक खटकाच अडवून धरतो. तो निसटला तर सगळी स्प्रिंग एका झटक्यात सुटते आणि चाकाचे दाते घेऊन जाते. मी किल्ली लावून घट्ट धरली. आणखी एक टक झालं. सगळा जोर माझ्या अंगठ्यावर आला.

"मग सोड ना हळूहळू. जन्मभर तेच केलंस."

"नाही."

"बोटं मोडून घेशील, मूर्खा!"

"या स्प्रिंगला किल्ली तिने दिलीय, हेस्टर. त्या दिवशी सकाळी."

तिने बाह्या वर सारल्या.

"काय आणू?" तिने विचारलं.

"खणातली जाड तार. आणि पक्कड."

तिने तार स्प्रिंगभोवती घातली, म्हणजे ती आहे तशीच गुंडाळलेली राहील.

"माझ्या बोटांवर सोडलंस तर बघ."

"पीळ दे. अजून एक."

"बस?"

"अजून."

मी खटका उचलला आणि किल्ली केसाकेसाने मागे येऊ दिली. स्प्रिंग फुगली. तार ताणली, करकरली. मग किल्लीतला जोर संपला. तार टिकली होती.

हेस्टर खुर्चीत बसली. तारेने तिचा हात कापला होता. "मला कधी एवढी किल्ली देऊ दिली नाही तिने," ती म्हणाली. "म्हणायची, तू जास्त पिळतेस."

मी तिच्या हाताला पट्टी बांधली. घड्याळ न मागताच ती गेली.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. घड्याळाच्या जागी तिने नुसतं त्याच्या नावाचं कार्ड ठेवलंय. खटका मी नवीन बसवला. तार कापायची राहिली आहे.