आलं का पाणी?

कोल्हापुरात आज डॉक्टर मिळेल, वकील तर ढिगानं मिळतील; पण प्लंबर? नाव काढू नका! भाऊसोचा फोन सकाळपासून कोकलत असतो. "पावणं, कधी येताय?" माणूस एकटा, कुठं कुठं पुरणार?

पूर्वी दोघं होते, भाऊसो आणि त्याचा पोरगा प्रसेनजीत. बाप गच्चीवर टाकीपाशी, लेक खाली नळापाशी. वरून हाळी, "आलं का?" खालून ओ, "आलं!" पण प्लंबर म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठायचे. पेठ वडगावच्या पावण्यांनी तर तोंडावर सांगितलं, "कंपनीत असता तर दिली असती." मग गेला पोरगा पुण्याला, कंपनीच्या गेटवर शिट्टी वाजवायला. हातात एवढी कला, आणि शिट्टी! जळो ती कंपनी.

त्या दिवशी सुट्टी संपवून प्रसेनजीत दुपारच्या एसटीनं परत निघणार होता. भाऊसोनं त्याला मुद्दामच कामावर नेलं. शाहूपुरीत बयाबाई एकटीच राहायची, तिच्या टाकीचा पाइप बदलायचा होता. "हितंच ऱ्हा की लेका, घर खायला उठतंय," एवढंच भाऊसोला म्हणायचं होतं. पाइप जोडून झाला तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तो गच्चीवर गेला. म्हटलं, वरनंच बोलू. तोंड दिसत नाही तिथं बोलायला बरं.

त्यानं कॉक सोडला. "आलं का?"

"आलं!"

भाऊसोच्या अंगावर काटाच आला. किती दिवसांनी कुणीतरी ओ दिली होती! त्यानं कॉक बंद केला आणि उगीचच परत सोडला.

"आता?"

"आलं की वो!"

"धार बारीक हाय का?"

"न्हाय वो बाबा, चांगली हाय!"

पाण्याला काहीएक झालं नव्हतं. भाऊसो टाकीला टेकून बराच वेळ नुसता बसला. मग डोळे पुसले, घसा खाकरला आणि एकदाचा ओरडला, "पोरा, ऱ्हातोस का रं हितंच? माझ्याजवळ?"

खालून ओ नाही. थोड्या वेळानं बयाबाईचा आवाज आला, "त्यो गेला की वो! एसटी चुकंल म्हणाला!"

भाऊसो कठड्याशी धावला. गल्लीत कुणी नव्हतं.

"लै वेळ हुबा हुता नळापाशी," म्हातारी ओरडून सांगत होती. "म्हणाला, बाबा काय बोलत्यात का बघतोय. पण त्ये नुसतं पाण्याचंच इचारत्यात."

भाऊसोनं फोन लावला. पोरानं लगेच उचलला.

"काय वो बाबा?"

"बसायला जागा घावली का?"

"घावली."

"बरं."

प्रसेनजीतनं फोन ठेवला. लगेच गिऱ्हाइकाचा फोन आला. "पावणं, कधी येताय? नळ धो धो वाहतोय!"

"येतो की," भाऊसो म्हणाला. "पण एकटाच हाय. वेळ लागंल."