तुकतुकीत कातडीचा वाटा

मेंढ्यांतलं भागवतला फार कळतं, असं भागवत स्वतःच सांगायचा. संगमनेरच्या पठारावर गुरांची डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं फिरते आहे. मला तरी त्याचा पुरावा कधी मिळाला नाही.

धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्याने मेंढरांची वाटणी काढली. वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलायचं, हा साधा रिवाज. भागवतने वाटे पाडले आणि आधी उचललाही त्यानेच. पंच म्हणून बसलेले भिमाजीतात्या तंबाखू मळत राहिले. अंगावर खपल्या नि गाठी असलेल्या, दिवसभर भिंतीला अंग घासणाऱ्या मेंढ्या भावाच्या विधवेला, बनुबाईला दिल्या. तुकतुकीत कातडीच्या त्याने ठेवल्या. मेंढरं कोंडायचं आज्याच्या वेळचं दगडी वाडगंही त्याचंच झालं. बनुबाईला मिळाला उघडा माळ.

मी त्याला तेव्हाच समजावलं होतं. गोचिडीचं पिल्लू मेंढीवर चढतं, रक्त पितं, खाली पडतं आणि भिंतीच्या फटीत कात टाकतं. थोडं मोठं झालं की पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. शेवटी रक्त पिऊन टम्म झालेली मादी फटीतच हजारो अंडी घालून मरते. म्हणजे निम्मा रोग भिंतीत. आणि खपल्यांच्या मेंढ्या रोगट नव्हत्या. चावे सोसून सोसून त्यांचं अंग गोचीड ओळखायला शिकलं होतं. चावा बसला की तिथे सूज येते, खाज सुटते, मेंढी अंग घासते आणि गोचीड अर्धपोटी गळून पडते. अंडीही मग थोडीच घालते. तुकतुकीत कातडीला यातलं काही कळत नाही, ती मुकाट रक्त पाजत राहते. भागवत हसला. शिकलेल्या बायांना खरूजसुद्धा गुण वाटतो, असं चारचौघांत म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याची मेंढरं बसायला लागली. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, अंगात रक्तच उरलं नव्हतं. त्याने औषध आणलं आणि मेंढ्यांच्या पाठीवर फवारलं, जिथे एकही गोचीड नव्हती. कानामागे, जांघेत बघायचे कष्ट कोण घेणार? भिंतीवर औषध मारायला सांगितलं, तर ती वाडवडिलांची भिंत आहे म्हणाला. तिकडे माळावर बनुबाईच्या खपल्यावाल्या मेंढ्या व्याल्या आणि कोकरं नाचायला लागली.

मग भागवतला साक्षात्कार झाला की बनुबाईने करणी केली. त्याने पुन्हा पंच बसवले. भिमाजीतात्यांनी निवाडा दिला तो असा, की उरलीसुरली सगळी मेंढरं एकत्र करायची आणि निम्मी भागवतने आधी निवडून घ्यायची. मला संताप आला. बनुबाईच्या पदरात दोन मुली आणि पोटाला आधार म्हणून एवढा कळप. चांगल्या मेंढ्या गेल्या तर तिने खायचं काय, हे त्या मिशाळ मंडळींपैकी कुणी विचारलं नाही.

मी उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. तुकतुकीत मेंढीचा कान उलटून आतल्या फुगलेल्या गोचिडी दाखवल्या. भागवतच्या भल्यासाठी नव्हे, पंचांना लाज वाटावी म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी.

"डाक्टरीनबाई, तुमी तिच्या बाजूच्या," भागवत म्हणाला. "तुमी खपल्यावाल्या चांगल्या म्हनताय, म्हंजे त्यातच कायतरी खोड हाय."

तो निवडायला लागला. जत्रेत कापड निवडतात तसा प्रत्येक पाठीवरून तळवा फिरवायचा. हाताला खपली लागली की मेंढीला पायाने बाजूला लोटायचा. बनुबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. आधी वाटलं, रडते आहे. मग तिचे डोळे दिसले.

शेवटी एका मेंढीपाशी तो घुटमळला. तेव्हा बनुबाई पुढे झाली आणि तिनेच त्या मेंढीला त्याच्याकडे ढकललं.

"ही बी न्या, भावजी. कातडी बगा कशी, लई साफ हाय."

भागवतने तीही ओढून घेतली आणि माझ्याकडे बघून जिंकल्यासारखा हसला. मला कीव आली ती फक्त त्या मेंढीची.