सोळाशे वर्षांचा भाऊ

मी थकली म्हनलं का लोकं म्हनतात, "तुळसाबाई, सारेच थकतात." थकत असतीन बाप्पा! पन वांग्याच्या दोन रोपाईले पानी देलं अन् तठीच फतकल मारून बसा लागलं, असं थकता काय तुमी? आमी माळी. कारंज्याच्या शिवेवर आमचा मळा हाये. वांगे, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, पालक. डोक्यावर टोपलं घेऊन बजाराले निघाली का मांगून लोक म्हनत, हे बाई चालते का पळते? आता टोपलं माहा मालक, अंजनाचा बाप, नेते. मी बांधावर बसून जुड्या बांधत राह्यते, अन् त्याच्यातही मंधातच डोळा लागते.

मांगच्या साली मले बाईमानसाचा रोग झाला. आंगावरून जानं थांबेच ना. कारंज्याच्या डाक्टरनं हात टेकले अन् म्हने, ममईले न्या. त्याच टायमाले सरकारनं आमाले मध्यप्रदेशातून काढून ममई राज्यात घातलं होतं. लोकं पेढे वाटून राह्यले होते. पन ममई काई त्याच्यानं जवळ आली नाई, दोन गाड्या बदलून जाचं तसंच जा लागलं.

तठी माह्या गर्भपिशवीत रेडियमची सुई ठेवली. उठाचं नाई, बसाचं नाई, कूस बदलाची नाई. नर्स यायची ते ताट ठेवून पळायची. मी म्हनो, काहून वं, मी काय वाघीन हाओ? एक दिवस नवीच नर्स आली. म्हनलं, पयली कोठी गेली? ते म्हने, "तिला दिवस गेलेत. गरोदर बाईला या खोलीत येऊ देत नाहीत." मंग एक दिवस सुई काढली, शिशाच्या डबीत टाकली अन् दुसऱ्या बाईसाठी घेऊन गेले. रोग हटला. मी घरी आली. इथवर सारं बरं झालं.

पन अंजनाच्या बापाले एक खोड हाये. जे पाह्यलं ते साऱ्या दुनियेले सांगाचं. आमची एकुलती एक पोरगी, अंजना, धनजले देलेली. तिले भेटाले गेला अन् इवायाच्या ओसरीवर बसून सारं सांगत बसला. सुई कशी, डबी कशी, गरवार नर्सले कसं येऊ देत नाई. लोकं म्हनत, अरे बापा! मंग याले अखीन जोर चढे. तवा कोनाले ठाऊक, का दोनच महिन्यात अंजनालेच दिवस जातीन म्हून?

पयलं बाळंतपन माहेरीच होते. हे काई मी नाई ठरवलं. माह्या मायनं माहं केलं, मी माह्या पोरीचं करीन. रोगात पडून होती तवा मी देवाले एवढंच म्हनलं होतं, का एक बाळंतपन करू दे, मंग ने मले, मी रडनार नाई. सातवा सरला तसे आमी दोघं अंजनाले आनाले धनजले गेलो.

इवाई, अंजनाचा सासरा गुलाबराव, मानूस वाईट नाई. पानी देलं, च्या देला, साखर जास्तच टाकली. मंग खाली पाहून अंजनाच्या बापाले म्हनते, "नथ्थूभाऊ, राग नोका मानू. पोरीले आमी नाई धाडत."

"काहून?"

"तुमीच सांगतलं होतं. गरवार बाईले ईनबाईजवळ येऊ देत नाई."

"ते सुई आंदर होती तवा! आता सुई काढली. तठीच राह्यली ममईले."

"काढली, कबूल हाये. पन मयत घरातून काढली का सुतक सरते काय? उलटं तवाच लागते."

आता याले मानसानं काय म्हनावं? माह्या तर आंगाचा नुसता भडका उडाला. म्हनलं, "इवाई, मी जितीजागती बसली हाओ तुमच्या पुढं, अन् तुमी मयत कोनाले म्हनून राह्यले?"

"तसं नाई ईनबाई," त्यायनं कानाले हात लावला. "पन सुतकाले दिवस असतात. बाळंतिनीच्या विटाळाले दिवस असतात. ते सरले का कोनी नाव काढत नाई. तसे याचे किती दिवस, तेवढं त्या डाक्टरले इचारून या. दिवस सरले असतीन तं मी सोता गाडी जुपून पोरीले तुमच्या दारी आनून सोडतो. जबान देतो."

दाराआड अंजना उभी होती. पोट चांगलं दिसून राह्यलं होतं. ते नुसती डोळे पुसत होती, बाहीर आली नाई. मीही बलावलं नाई. माह्याजवळ आली अन् उद्या काई कमीजास्त झालं, तं जलमभर माह्याच नावानं खडे फोडतीन सारे.

ममईले तसंही तपासनीले जाचंच होतं. गेलो. डाक्टर तरना होता, पन डोळ्याखाली माह्यावानी काळं झालेलं. मले तपासलं, म्हने सगळं छान हाये. अंजनाच्या बापानं हात जोडून सारी कथा सांगतली, मयत, सुतक, सारं. मले वाटलं डाक्टर हासन. तो हासला नाई. खुर्चीत मांगं टेकला अन् म्हने, "दिवस विचारलेत ना? मग ऐका. रेडियम हा धातू आहे. पण सगळं रेडियम एकसारखं नसतं. भावकी आहे म्हणा त्याची. नाव एक, चाल एक, वजनात थोडासा फरक. आयुष्यात मात्र फार मोठा. एका भावाचं निम्मं जेमतेम चार दिवसांत सरतं. एकाचं निम्मं व्हायला पावणेसहा वर्षं लागतात."

चार दिवस म्हनल्याबरोबर अंजनाच्या बापाचं तोंड असं खुललं! "अन् आमचा कोनता?"

"यांना दिला तो? सोळाशे वर्षं."

अंजनाच्या बापानं हळूच इचारलं, "सोळाशे वर्षांत सारं सरते?"

"निम्मं. शंभर दाणे आहेत समजा. एकेक दाणा आपोआप फुटतो. कोणता कधी फुटेल ते कोणालाच सांगता येत नाही, पण सोळाशे वर्षांत पन्नास फुटलेले असतात. पुढच्या सोळाशे वर्षांत उरलेल्यांपैकी पंचवीस. फुटताना किरण टाकतो, त्या किरणांनीच बाईंचा रोग जाळला. आणि फुटलेला दाणा मग रेडियम राहतच नाही. बदलत बदलत शेवटी त्याचं शिसं होतं."

"बापा! म्हंजे सरतच नाई म्हना."

"अहो, पण हे सगळं सुईतलं!" डाक्टर आता जरा वैतागला. "सुई बंद असते. तिच्यातलं कणभरही यांच्या अंगात सांडलेलं नाही. दिवा खोलीतून उचलून नेला, तर उजेड मागं राहतो का?"

"नाई राहत."

"झालं तर. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या."

मी म्हनलं, "मंग मी एवढी थकते कायले, साहेब?"

"रोगासोबत थोडं चांगलंही भाजलं गेलं, बाई. भरून यायला वेळ लागतो. तुमच्या अंगात आता आहे ते फक्त थकणं." मंग तो दुसऱ्या बाईकडे वळला. दाराबाहीर लाईन लागली होती.

वापस येताना अंजनाचा बाप गाडीत पुटपुटत बसला होता. दिवा नेला, उजेड गेला. दिवा नेला, उजेड गेला. शाळेतल्या पोरावानी पाठ करून राह्यला होता. मले हासू आलं, पन हासाले लागते तेवढाही जीव नव्हता. मी खिडकीले डोकं टेकवून निजली. मनात म्हनलं, एवढं चांगलं समजावून सांगतलं त्या लेकरानं, आता कोन नाई म्हनते पाहतोच.

धनजले पोचलो तं गुलाबराव वाटच पाहून राह्यले होते. ईन, अंजनाची सासू गोमतीबाई, सूप हातात घेऊन उंबऱ्यातच बसली. अंजना दाराआड.

"काय म्हने डाक्टर? किती दिवस?"

अंजनाच्या बापानं घसा खाकरला. मले वाटलं आता दिव्याचं काढते. पन त्यानं भावकीपासून सुरवात केली. सांगतलं मातर बराबर, एक चार दिवसवाला, एक पावनेसहा वर्षंवाला, एक सोळाशे वर्षंवाला. सोळाशे म्हनल्याबरोबर गोमतीबाईच्या हातचं सूप खाली पडलं.

"मंग ईनबाईले कोनता देला होता?" गुलाबरावनं इचारलं.

मी तोंड उघडलं. म्हननार होती, कोनताही असो, सुई काढली न बाप्पा, दिवा नेला. तेवढ्यात हा म्हनते, "चार दिवसवाला."

गुलाबराव बोटं मोजत हिशेब कराले लागले. "चार दिवसांत निम्मं. आठात चौथाई. बारात त्याचंही निम्मं... महिन्यात तं काईच उरत नाई! अन् आता तं साल होत आलं." मंग मांडीवर थाप मारून असे मोकळे हासले का काय सांगू! त्यायलेही ते सारं जड जात होतं, चेहऱ्यावरच दिसे. "अवं, पोरीचं गाठोडं बांध! मी गाडी जुपतो." गोमतीबाईनं माहे दोन्ही हात धरले अन् माफी मांगतली. अंजना दाराआडून आली ते सरळ माह्या गळ्यातच पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. म्हनलं, जाऊ दे, खोटं तं खोटं. पोरगी घरी येते न?

गुलाबरावनं जबान पाळली, सोता गाडी हाकत आमाले मळ्यावर सोडून गेले. अंजना पानी पिऊन निजली तवा मी अंजनाच्या बापाले इचारलं, "खोटं काहून बोलले?"

"दिव्याचं त्यायले समजलं नसतं."

"समजलं असतं. समजदार मानूस हाये."

"जाऊ दे न आता. काम झालं न?" म्हने अन् मोटेकडे निघून गेला.

मंग तिचे दिवस भरेपर्यंत मी तिचं केलं. लाडू बांधले, डिंक तळला, आंगाले तेल लावलं. थकत होती, बसत होती, अखीन उठत होती. अंजना म्हने, आई, राहू दे. मी म्हनो, चूप वं, हे माह्या हक्काचं हाये. दाईले आंधीच सांगून ठेवलं होतं. एका दिवसाच्या पाह्यटी पोट दुखाले लागलं अन् उन्हं वर येता येता पोरगी झाली. काळी कुळकुळीत, डोकंभर जावळ, अन् आवाज असा का विहिरीवरचे पारवे उडाले.

दाईनं न्हाऊमाखू घालून, धडप्यात गुंडाळून लेकरू अंजनाजवळ ठेवलं अन् ते गेली. अंजनानं पाहून घेतलं, मंग मले म्हनते, "आई, घे न तिले. तुह्याचसाठी त आली ते एवढ्या दुरून."

मी घेतली. काय सांगू मी? साऱ्या सालात एक सकाळ अशी नव्हती का मी उठली अन् आंग दुखलं नाई. त्या टायमाले काईच दुखत नव्हतं. पोट नाई, कंबर नाई, काई नाई. गरम गरम गाठोडं मांडीवर, मूठ माह्या बोटाभोवती. मले वाटलं आता मी उठून टोपलं डोक्यावर घेऊन कारंज्याच्या बजारात पळत जाईन. मी रडत होती अन् हासतही होती.

तेवढ्यात अंजनाचा बाप आला. हात धुऊन, पुसून, दारात उभा राह्यला. मले वाटलं नात पाहून खुश होईन. त्याचं तोंड पाह्यलं अन् माहं हासू तठीच राह्यलं.

"दे माह्यापाशी," म्हने. "तू थकली असशीन."

"नाई थकली. आजच नाई थकली."

"दे न." त्यानं दोन्ही हात पुढं केले. माह्याकडे पाहेच ना, नुसता लेकराकडे पाहे, अन् एक पाऊल अखीन पुढं आला.

अंजना हासली. "पाह्य वं आई, बाबाले किती घाई झाली आजोबा व्हाची!"

मले समजलं. धनजच्या साऱ्या लोकाईले त्यानं चार दिवस सांगतले होते. आपल्या मनात त्याचं अजून सोळाशेच मोजनं चालू होतं. साऱ्या धनजमंदी कोनाले भेव राह्यलं नव्हतं माहं. ज्यानं माह्यासाठी ममईच्या वाऱ्या केल्या, डाक्टरपुढं हात जोडले, दिव्याचं पाठ केलं, त्यालेच राह्यलं होतं. राग नाई आला मले. राग याले पाह्यजे होता, पन आला नाई.

मी नाई म्हनली असती तं तो सोळाशेचं बोलला असता. बोलला असता तं अंजनानं आयकलं असतं. अन् मंग ते लेकरू तिनं सोता माह्या मांडीवरून उचललं असतं.

मी लेकराच्या मुठीतून बोट सोडवून घेतलं अन् गाठोडं उचलून त्याच्या हातात देलं.

"घ्या," मी म्हनलं, "हात भरून आले माहे."