शेवाळकाकांचा पाऊण इंच

ग्रंथपालबाईंच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्याच वर्षी मी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आले. बाईंचे वडील शिंपी. लग्नातले कपडे त्यांनी स्वतः शिवले, आणि मग डोळे साथ देईनात म्हणून दुकान कायमचे बंद केले. शिलाई मशीन एका शेजाऱ्याने नेले, कात्री दुसऱ्याने. मला बाईंनी पिशवीत घातले.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. खिडकीच्या चौकटीतून उरलेला मी एक तुकडा. लाकूड सरळ निघाले म्हणून चुलीत गेले नाही, एवढेच माझे नशीब. सुताराने माझ्या अंगावर एक ते बारा आकडे कोरले. अक्षर मात्र एकही कोरले नाही. शिंप्याच्या दुकानात अक्षरांवाचून काही अडलेही नाही. कॉलर, खिसा आणि काज यांच्यात माझे तरुणपण गेले. थोरल्याच्या मापाने धाकट्याचा सदरा बेता, असे सांगणारे बाप तिथे पुष्कळ येत. शिंपीदादा म्हणत, "बेततो की. पण मग धाकटा थोरला होईपर्यंत त्याला घरात बसवा." बाप हसत आणि धाकट्याला पुढे ढकलत.

अक्षरे मला ग्रंथालयात आली, उतारवयात, चिठ्ठ्यांवरून सरकता सरकता. त्या चिठ्ठ्यांचे काम आधी सांगते, कारण पुढचे सारे त्यांच्यामुळेच घडले.

संशोधक आपला लेख लिहितो, तेव्हा शेवटी आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला ते सांगतो. आमच्या संस्थेतल्या कोणाचे नाव असे कुठे आले, की बाई एक चिठ्ठी लिहीत आणि त्या माणसाच्या नावाच्या खणात उभी ठेवीत. वर्षे सरत तसा खण भरत जाई. चिठ्ठ्या मोजत बसायला वेळ कोणाला? बाई मागच्या ठोकळ्याने चिठ्ठ्या घट्ट दाबून धरीत आणि मला वरून आडवे ठेवीत. अमुक सरांचे चार इंच, तमुक मॅडमचे अडीच. वर्षअखेरीला या ना त्या निमित्ताने सगळे ग्रंथालयात डोकावत. इतिहासाचे एक जाडजूड सर दारातूनच विचारीत, "बाई, मी वाढलो का? घरी तर सगळे उलटंच म्हणतात."

मला तेव्हा फार मान होता. माझा शब्द शेवटचा समजला जाई. कोणी कुरकुर केली, तर दुसरा म्हणे, पट्टी कोणाची मावशी नाही. हे ऐकून माझे लाकूडही फुगत असे.

संस्थेच्या उत्तरेकडच्या टोकाला एक थंड, कोरडी खोली होती. तिथे शेवाळाचा अभ्यास करणारे एक गृहस्थ बसत. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना शेवाळकाका म्हणत. भिंती, दगड, झाडांच्या साली, पुलांचे कठडे, जिथून मिळेल तिथून त्यांनी शेवाळ खरवडून आणले होते. ते वाळवून कागदाच्या पुड्यांत ठेवायचे आणि पुडीवर जागा व तारीख लिहायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पुड्या काकू घडी घालून देत. खोलीत छतापर्यंत कपाटे होती आणि कपाटांत नुसत्या पुड्या. पाहुणा आला की काका एक पुडी उघडून वाळक्या भुग्यावर पाण्याचा थेंब सोडत. बघता बघता भुगा हिरवा होई. "मेलेलं नाही, झोपलंय," काका म्हणत. मग तो चिमूटभर भाग ते वेगळा ठेवत, परत पुडीत घालत नसत. एकदा जागे झालेले शेवाळ पुडीत कुजते.

मी ग्रंथालयात आले त्याच सुमारास हृदयविकाराचे डॉक्टर संस्थेत रुजू झाले. ते हुशार आणि कामसू होते. पाच वर्षांत त्यांच्या विभागात इतकी गर्दी झाली की दोन रुग्ण एकाच पडद्याआड तपासले जात, आणि नवे यंत्र आले तर त्याला जागाच नव्हती. त्यांना एक थंड, कोरडी खोली हवी होती. तशी खोली संस्थेत एकच होती.

खोल्या ठरवणाऱ्या समितीचे नवे अध्यक्षसाहेब म्हणाले की वशिला नको, भांडण नको. गेल्या पाच वर्षांच्या चिठ्ठ्या मोजू. ज्याचे काम जगाला जास्त लागते, खोली त्याची.

बाईंनी आधी डॉक्टरांचा खण काढला. मी पुरले नाही. मला उचलून पुन्हा ठेवावे लागले आणि उत्तर आले चौदा इंच. मग काकांचा खण. बाईंनी ठोकळा जरा हलक्या हाताने दाबला, हे मला जाणवले. तरी पाऊण इंचच भरला. अध्यक्षसाहेबांनी स्वतः वाकून आकडा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. प्रश्न सुटल्याचे समाधान तेवढे होते.

मित्रांनो, मी खोटे बोलले नव्हते. एका केसाचाही फरक केला नव्हता. आणि तरीही त्या दिवशी बाईंनी मला न पुसताच ड्रॉवरमध्ये ठेवले. एरवी रुमालाने पुसून ठेवत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही खणांतली एकेक चिठ्ठी चिमटीत धरली आणि त्यांच्या लक्षात आले. चिठ्ठ्यांचा कागद ज्याच्या त्याच्या विभागाने द्यायचा, अशी तिथली रीत होती. डॉक्टरांच्या विभागाने जाड पुठ्ठ्याची छापील कार्डे दिली होती. काकांच्या चिठ्ठ्या पुड्यांच्या उरलेल्या कागदातून काकूंनी कापलेल्या, कांद्याच्या सालीसारख्या पातळ. आम्ही माणसाचे काम मोजत आहोत असे समजत होतो. मोजत होतो कागद.

बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या हाताने मोजल्या आणि समितीपुढे गेल्या. फरक कमी झाला होता, पण डॉक्टर अजूनही कितीतरी पुढे होते. अध्यक्षसाहेब म्हणाले, जाड असो की पातळ, निकाल तोच. त्या तशाच काकांच्या खोलीत गेल्या.

काका पुडी बांधत होते. निकाल ऐकून त्यांनी आधी गाठ पुरी केली.

"बाई, काळजावर लिहिणारे जगात हजारो. आम्ही शेवाळवाले सगळे मिळून एका बसमध्ये मावू, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल. आमचं नाव घ्यायला माणूस तरी हवा ना? त्यात आमचं शेवाळ सावकाश वाढतं आणि आमचे वाचकही. पाच वर्षांत आमचा लेख टपालातून पोचतो, बस."

"मग हे तुम्ही समितीला का सांगत नाही?"

"मी सांगितलं तर रडगाणं होईल. तुम्ही सांगितलं तर हिशोब."

बाईंनी मग तो हिशोब मांडला. ग्रंथालयातल्या नियतकालिकांतून त्यांनी शेवाळावर लिहिणाऱ्या साऱ्यांच्या चिठ्ठ्या केल्या, एकाच जाडीच्या कागदावर. काकांचा गठ्ठा त्या सगळ्यांत जाड निघाला. बाकीच्यांच्या सरासरीच्या चौपट. तसेच त्यांनी हृदयविकारावर लिहिणाऱ्यांचेही केले. त्या रांगेत डॉक्टर साधारण मध्यावर उभे होते. चांगले, पण मध्यावर.

समितीच्या बैठकीत मी बाईंच्या हातात होते. सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, ही आवळ्याभोपळ्याची मोट आहे. आवळा आवळ्यांत मोजा, भोपळा भोपळ्यांत. मग दोघांचं काय ते ठरवा."

अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला. मुद्दा बरोबर आहे, पुढच्या वर्षीच्या नियमांत घेऊ, असे ते म्हणाले. या वर्षीचा निर्णय झाला आहे. यंत्र गोदामात पडून आहे.

डॉक्टर तिथेच होते. "खोली मला हवी आहे, हे खरं," ते म्हणाले. "माझ्याकडे माणसं दारात बसतात. पण मी काकांपेक्षा मोठा आहे म्हणून ती मला मिळाली, असं कुठे लिहू नका."

तसे कुठेच लिहिले गेले नाही. खोली मात्र त्यांना मिळाली.

पुड्यांची कपाटे तळघरात गेली. तिथे छताखालून नळ जात होता आणि त्याच्या सांध्यातून पाणी पाझरत होते. काकांनी दोनदा सांगितले, काकूंनी जुन्या चादरी आणून कपाटांवर टाकल्या, प्लंबर उद्या येतो म्हणाला. काही उद्या गेले. एका सकाळी बाई काकांबरोबर खाली उतरल्या. मी त्यांच्या पिशवीत होते, कारण कपाट सरकवायला जागा किती आहे ते पाहायचे होते.

काकांनी पहिला खण ओढला. ओल्या पुड्या फाटून त्यांतून हिरवे वर आले होते. दुसरा खणही तसाच, तिसराही. इतका हिरवा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. काही पुड्यांवर बुरशीची पांढरी लव धरू लागली होती.

काका खणाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

"सगळी एकदम जागी झाली हो, बाई," ते म्हणाले. "आता यांना झोपवू कसं?"

बाईंनी मला पिशवीतून काढलेच नाही.

पुढच्या वर्षी नियम बदलला. आता प्रत्येकाला त्याच्याच विषयातल्या लोकांच्या शेजारी उभे करून मोजतात, आणि सावकाश चालणाऱ्या विषयांना जास्त वर्षे देतात. वरातीमागून घोडे, पण आले. मग संगणक आला. आता एक कळ दाबली की आकडा पडद्यावर येतो, आणि कागद जाड होता की पातळ हे विचारायला कागदच उरलेला नाही. मी ड्रॉवरमध्ये पडून असते. कधीतरी बाई मला काढून पुसतात, एखादा फाटका नकाशा सरळ दाबायला वापरतात.

काकांच्या खणात अजून चिठ्ठ्या येतात. संगणक असला तरी त्यांच्यापुरत्या बाई हातानेच लिहितात. दूरच्या शहरांतले काही तरुण अभ्यासक जुन्या शेवाळावरून त्या काळच्या हवेत धूर किती होता ते शोधत आहेत. कोणत्या पुलावर कोणत्या साली कोणते शेवाळ होते, हे काकांच्या लेखांखेरीज कुठेच नाही. ते पत्रे पाठवून पुड्या मागतात. बाई उत्तर लिहितात की पुड्या उरल्या नाहीत, लेख आहेत. काकांचा खण आता पाच इंचांवर गेला आहे.

मित्रांनो, पट्टीवर रागावू नका, आणि पट्टीवर आंधळा विश्वासही ठेवू नका. मला हातात घ्याल तेव्हा आधी विचारा, समोर थोरला आहे की धाकटा, आणि हा सदरा कोणाच्या अंगासाठी आहे. माणूस समोर बसलेला असताना विचारा. त्याची कपाटे कोरडी असतानाच विचारा.

बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीच्या थंडीत शेवाळकाका वारले. नियम बदलल्याचे पत्रक त्याच्या आठवडाभर आधी फलकावर लागले होते.