डावीकडची काच

"किस गाड़ी का चाहिए?" दुकानदाराने विचारलं. मला नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला.

"गाडी मेरी है भैया," मी म्हटलं. "इधर देखके बात करो."

रायपूरच्या भनपुरीत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात बाई दिसली, की तिच्याबरोबर कुणीतरी पुरुष असलाच पाहिजे असं या लोकांचं पक्कं ठरलेलं. पिकअप मी चालवत आणली होती, त्याच्याच दुकानासमोर लावली होती, आणि उतरताना त्याने मला पाहिलंही होतं. पण नाही. मी पिशवीतून जुन्या रबराचा तुकडा काढला आणि काउंटरवर आपटला. दरवाजाच्या चौकटीत जी खाच असते, जिच्यातून काच वरखाली सरकते, त्या खाचेतलं रबर. डाव्या दरवाजाचं.

त्याने तुकडा दाबून पाहिला. बोटं काळी आणि चिकट झाली.

"इसमें तेल किसने लगाया? तेल से रबर फूलता है, फिर सड़ जाता है. धूप से इतना नहीं बिगड़ता."

कुणी लावलं ते मला ठाऊक होतं. त्याला काहून सांगू?

"लगाके दोगे क्या?"

"दशहरे के बाद आओ दीदी. आज अष्टमी है. कल सब अपने औज़ार पूजा में रख देंगे, कोई हाथ नहीं लगाएगा."

दसऱ्यानंतर मला काही उपयोग नव्हता. दसऱ्याला सकाळी गाडीला गिऱ्हाईक येणार होतं. मुहूर्तावर गाडी घेणारा. आणि ते माझ्या मुलाने, नीलने, मला न विचारता ठरवलं होतं.

तात्यापाऱ्यात आमचा भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. लग्न असो, भंडारा असो, गंज, कढया, पराती आमच्याकडून जातात. पिकअप त्यासाठीच घेतलेली. माझे मिस्टर गंगाधर ती चालवायचे, मी दुकान सांभाळायची. मग त्यांना झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला, आणि डाव्या बाजूचं भानही गेलं. ताटात डावीकडे वाढलेली भाजी त्यांना दिसत नाही. उजवीकडचं जेवतात आणि उपाशी बसतात. ताट फिरवून द्यावं लागतं, मग म्हणतात, अगं, भाजी होती होय.

मी पिकअप शिकले ती त्यांच्या शिव्या खात. ते डावीकडच्या सीटवर आणि मी स्टिअरिंगवर. "क्लच सोड, क्लच. झोपून राहिली काय?" जीभ जड झालेली, पण शिवी स्वच्छ यायची. तेव्हापासून रोज माल पोचवायला मी त्यांना बरोबर नेते. घरात हा माणूस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतो. चहा देऊ? बरं. फिरवू? बरं. मरू का? तरी बरंच म्हणतील. आणि गाडीत बसले की गोल बाजाराच्या वळणावर मध्येच थांबलेल्या रिक्षावाल्याला उजवा हात उगारून म्हणतात, "अबे ए, रस्ता तेरे बाप का है क्या?" मला तो माणूस पाहिजे. "बरं" म्हणणारा नको.

भादव्यात एक दिवस माल पोचवून येताना पाऊस लागला. काच बंद होती, पण रबर सडलेलं. पाणी काचेच्या कडेने आत येत राहिलं, सगळं त्यांच्या डाव्या अंगावर. त्यांना कळलं नाही. माझं लक्ष रस्त्यावर होतं. घरी येऊन उतरवलं तर शर्टची एक बाही कोरडी आणि दुसरी पिळून काढण्यासारखी. रात्री ताप चढला. छातीत न्यूमोनिया निघाला. दवाखाना झाला, नाकात नळी झाली, सगळं झालं.

घरी आणल्यावर नील म्हणाला, "आई, अब बाबा गाड़ी में नहीं बैठेंगे. और गाड़ी रखनी ही क्यों है? माल के लिए भाड़े की बुला लेना."

हा पोट्टा मराठी सगळी समजतो, उत्तर मात्र हिंदीत देतो. काळजीपोटी बोलतो, हे मलाही कळतं. पण त्याने हे सगळं बाबांच्या पलंगाशेजारी उभं राहून, त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलावं, आणि त्यांनी भिंतीकडे बघत "बरं" म्हणावं, याचा मला इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर आपटला.

अष्टमीच्या संध्याकाळी त्या दुकानातून नवं रबर विकत घेऊन आले तेव्हा नील ओट्यापाशी उभा राहून चहा पीत होता. त्याला मी हळू आवाजात सांगितलं, रबर कशाने सडलं ते. आमच्या घरी खंडेनवमीला औजारांची पूजा होते. पेचकस, पाने, अडकित्ता, विळी, सगळं पुसून तिळाचं तेल लावून पाटावर मांडायचं. सासऱ्यांची पद्धत. लोखंडाला ते चांगलंच. पण पिकअप आली तशी यांनी गाडीलाही अभ्यंग सुरू केलं. बिजागऱ्यांना तेल, कड्यांना तेल, आणि उरलेलं सगळं प्रेमाने काचांच्या रबरांना. झटक्यानंतर उजव्या बाजूचं हात पोचत नाही म्हणून सुटलं. डावीकडचं बसल्या जागेवरून होतं, म्हणून दरवर्षी दुप्पट तेल.

"मतलब बाबाने खुद ही..." नील म्हणाला.

"हव. आणि त्यांना हे सांगायचं नाही."

नवमीला सकाळी पूजा झाली. गंगाधरांनी खुर्चीत बसून उजव्या हाताने पेचकसाला हळदकुंकू लावलं. आरती झाली, प्रसाद झाला, आणि मी पाटावरून तोच पेचकस उचलला.

"आई, वो पूजा में रखा है," नील म्हणाला. "आज नहीं उठाते."

"मले दिसून राहिलं. देवाशी मी बोलून घेईन. तू तुझ्या गिऱ्हाइकाशी बोल."

मी गंगाधरांकडे पाहिलं. सासऱ्यांच्या काळापासून नवमीला या घरात कुणी औजाराला हात लावला नव्हता. तेच नको म्हणाले असते तर मी ठेवून दिला असता, खरंच. ते पेचकसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घे."

त्यांची खुर्ची मी अंगणात गाडीजवळ ठेवली. काच पूर्ण खाली केली. वरच्या कोपऱ्यात पेचकस घालून जुनं रबर उचकलं आणि ओढलं. ते सरळ येईना, तुकडे तुकडे होऊन येई. खाचेत आमच्या रायपूरची काळी धूळ तेलात कालवून बसलेली, तव्यावर जळलेल्या पिठासारखी. पेचकसाला फडकं गुंडाळून मी ती खरवडली. नखं काळी झाली. घासताना दर वेळी मला त्या वाटीतल्या तेलाचा राग येत होता. सांगावंसं वाटत होतं, पाहा हो, हे तुमचं अभ्यंग. याच्यापायी छातीत पाणी झालं तुमच्या. पण ते खुर्चीत पुढे वाकून इतके मन लावून बघत होते, की मी गप घासत राहिले.

खाच कोरडी केली, साबणाचं पाणी लावलं, नवं रबर पुढच्या टोकापासून दाबत नेलं. ताणून, घट्ट. म्हटलं, चांगलं बसेल. काच वर केली तर अर्ध्यावर अडकली आणि वरच्या कोपऱ्यातून रबर बाहेर आलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा बाहेर. मी गाडीच्या चाकाला एक लाथ मारली.

"छोड़ो ना आई," नील दारातून म्हणाला. "क्यों परेशान हो रही हो? कल तो गाड़ी जा ही रही है."

"गाडी कुठेच नाही जाऊन राहिली. आणि तू तिथे उभा राहून मले शिकवू नको."

"कोपरा," गंगाधर म्हणाले.

"काय?"

"आधी कोपरे बसव. मग मधलं. ओढू नको." त्यांना दम लागला. थोडं थांबून म्हणाले, "ओढून काहून राहिली? म्हैस आहे काय ती?"

महिनाभरात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले होते. मी तोंड गाडीकडे फिरवलं. सगळं रबर काढलं, आधी कोपरे बसवले, मग मधलं ढिलं ठेवून अंगठ्याने दाबत गेले. खाली थोडं उरलं तेवढंच कापलं. काच हळूहळू वर गेली. शेवटी एक बारीक आवाज आला आणि खडखड बंद झाली.

"नील," मी हाक मारली. "बाबांच्या सीटवर बस."

"क्यों?"

"बस म्हटलं ना."

तो सणाचा नवा कुर्ता घालून बसला. मी दरवाजा लावला, अंगणातल्या नळाचा पाइप घेतला आणि धार सरळ काचेवर सोडली. आतून तो काहीतरी ओरडला. मी नळ आणखी मोठा केला. वरून, कडेने, कोपऱ्यात, भादव्यातला सगळा पाऊस मी त्या काचेवर ओतला. त्या एका काचेवर मी सगळा राग काढला, नीलचा, गिऱ्हाइकाचा, दुकानदाराचा, झटक्याचा तर होताच. हात दुखले तेव्हा नळ बंद केला.

नील लगेच उतरला नाही. डाव्या बाहीवरून त्याने हात फिरवला, मग रबरावरून. त्या सीटवर तो बऱ्याच वर्षांनी बसला असावा. दरवाजा उघडून म्हणाला, "सूखा है."

"मग?"

"और फिर से कुछ हो गया तो, आई? तुम चला रही होगी, तुमको नहीं दिखेगा, उनको पता नहीं चलेगा." तेव्हा मला कळलं, की दवाखान्यात तो किती घाबरला होता.

"होईल तर मी पाहीन," मी म्हटलं. "भिंतीकडे पाहून पाहून माणूस संपून राहिला नील. त्याला कोरडं ठेवून काय करू मी?"

नील फोन काढून फाटकाजवळ गेला. "नहीं भैया, कल मत आइए," एवढं मला ऐकू आलं. परत येऊन त्याने बाबांना काखेत धरून उचललं आणि सीटवर बसवलं. मी त्यांचा डावा पाय आत घेतला, डावा हात मांडीवर ठेवला.

काच खाली करायला सांगून गंगाधर म्हणाले, "वाटी."

मी समजले. आत जाऊन पाटावरची तेलाची वाटी आणली आणि त्यांच्या मांडीवर धरली. उजवं बोट त्यांनी तेलात बुडवलं, कमरेतून पूर्ण डावीकडे वळले आणि नव्या रबराला तेल लावायला लागले. सावकाश, दाबून, जसं दरवर्षी लावायचे तसं.

"बाबा, तेल मत..." नील पुढे आला.

"गप बैस," मी म्हटलं. इतक्या जोरात, की शेजारची कबुतरं उडाली.

गंगाधरांनी दचकून वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. तुम्ही लावा."

"तेल लागलं की टिकते," ते म्हणाले.

"हव."

बोट वर सरकत गेलं आणि मागच्या कोपऱ्याच्या अलीकडे थांबलं. तिकडे वळल्यावर तो कोपरा त्यांच्या डावीकडे येतो, म्हणून तिथून पुढचं त्यांना दिसत नव्हतं. रबर तिथेच संपलं असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट कोपऱ्यापर्यंत नेलं. तेल नीट लागलं. रबर सगळ्यात आधी तिथूनच सडेल. सडू दे. मला आता बसवता येतं.