ओळीपुढची नावं

सहाव्यांदा पानं परत आली तेव्हा लोसालीनेने ती टेबलावर आपटली नाहीत, कारण टेबलावर नवरा कंद सोलत बसला होता. नाहीतर आपटलीच असती.

पानांवर लाल पेनाची एकच फुली होती, शेवटच्या ओळीवर. शेजारी एक अक्षर नाही. चूक काय, बरोबर काय, काही नाही. वायसिमाने सुरी थांबवून विचारलं, आता काय म्हणतात आत्या?

"काय म्हणणार? चूक आहे म्हणतात. मागच्या वेळी त्यांनी स्वतः गाऊन सांगितलेलं मी जसंच्या तसं छापलं, आणि आज तेच चूक."

वायसिमाने मान डोलावली आणि पुन्हा कंदाकडे वळला. बायकोच्या आत्याबद्दल बोलण्यापेक्षा कंद सोलणं बरं, एवढी अक्कल त्याला लग्नाच्या बारा वर्षांत आली होती.

खरं तर काम इतकंसं. लोसालीनेचे वडील पेनिसिमानी तीस वर्षं गावच्या चर्चमधल्या गायकांचे मुख्य होते. मागच्या वर्षी जुलैत ते गेले. जायच्या आधी त्यांनी एक स्तोत्र रचलं, शेवटचं. त्या वेळी लोसालीने ऑकलंडला नोकरीत होती. ती आली ती थेट मातीलाच. ते स्तोत्र तिने बाबांच्या तोंडून कधी ऐकलंच नाही. आता जूनमध्ये चर्चचं वार्षिक संमेलन होतं, सगळ्या बेटांवरची माणसं जमणार होती, आणि तिने मनाशी धरलं होतं की त्या दिवशी बाबांचं स्तोत्र बाबांनी केलं तसंच, एकही सूर इकडचा तिकडे न होता, उभं राहून गायलं जावं. बाकी तिला काही नको होतं. पण गायकांच्या पंचांनी बजावलं होतं की गुरुवारच्या तालमीला प्रत्येकाच्या हातात स्वच्छ छापलेलं पान हवं, नाहीतर नेहमीचं जुनंच स्तोत्र गाऊ, ते झोपेतही येतं. आज मंगळवार होता.

बरं, बाबांची वही समोर ठेवून उतरवून काढली असती तर दोन दिवसांत काम संपलं असतं. पण वही आत्याकडे. भाऊ गेला की बहिणीचा शब्द शेवटचा. चटया तिच्या, पेट्या तिच्या, वहीही तिचीच. आणि बापाच्या वस्तूंना लेकरांनी हात लावायचा नाही, ही रीत. लोसालीने ऑकलंडला राहून आली म्हणून रीत काही तिकडे राहिली नव्हती. तेव्हा आत्या चटईवर बसायची, वही मांडीवर उघडायची, भिंग धरायची आणि आकडे गाऊन दाखवायची. लोसालीने चार हात लांब बसून लिहून घ्यायची. नंतर घरी येऊन कॉम्प्युटरवर बसायची.

कॉम्प्युटरची तऱ्हा निराळीच. संगीत छापायचा तो प्रोग्राम फुकटात मिळाला होता, पण त्यात सगळं हुकूम लिहून करावं लागे. लिहायचं एका जागी आणि पान उमटायचं दुसऱ्या जागी. उमटायच्या पाच रेघा आणि त्यांवर काळे गोळे. ते गोळे आमच्या गावात कोण वाचतो? आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात, आणि सा म्हणजे तीन. रे चार, ग पाच, असं करत नी नऊ. एक आणि दोनने कुणाचं काय घोडं मारलं होतं ते मिशनऱ्यांना ठाऊक; पण दीडशे वर्षं आम्ही तिनापासून गातो आणि आमचं काही अडलं नाही.

लोसालीनेला कुणा चिनी गवयाने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे तयार हुकमांची यादी, सापडली. गोळ्यांच्या जागी आकड्यांची लेबलं लावणारी. त्यांचा सा एकापासून. तिने विचार केला, प्रत्येकात दोन मिळवले की झालं, पहिलीतलं पोरही करील. तिने दोन मिळवले. प्रोग्रामने आज्ञा तंतोतंत पाळली आणि पानावर जिथे जिथे आकडा होता तिथे तिथे दोन मिळवले. पहिलं कडवं झालं तिसरं. तालमीला पन्नास माणसं पान हातात धरून शांत उभी राहिली, कारण पहिली दोन कडवी कुणीतरी दुसरं गाणार असेल असं प्रत्येकाला वाटलं. शिवाय बाबांच्या नावाखालचं मृत्यूचं सालही दोनने पुढे गेलं. म्हणजे मागच्या वर्षी पुरलेले बाबा आता पुढच्या वर्षी वारणार होते. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी ते वाचून डोळे पुसले, आणि फिनेआसी नावाच्या मासेमाराने सगळ्यांदेखत विचारलं, पेनिसिमानींना कळवलंय का हे?

लोसालीने त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

ती चूक तिने निस्तरली, तर नावांचं लचांड आलं. प्रोग्राम प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला आवाजाचं लेबल लावतो: वरचा आवाज, मधला, खालचा. बाबांच्या वहीत असलं काही नव्हतं म्हणे. तिथे प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव होतं, ती ओळ कुणी उचलायची त्याचं. आत्याने ठणकावून सांगितलं, माझ्या भावाने नावं लिहिली आहेत तर नावंच छापायची. मग लोसालीनेने नावांची स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्टने पहिल्या पानावर पूर्ण नाव लावलं आणि पुढच्या पानांवर जागा वाचवायला पहिली दोन अक्षरं ठेवली. गावात फिनेआसी दोन. दोघांनी एकदम तोंड उघडलं, दोघेही एकमेकांकडे बघत गात राहिले, कुणी मागे हटेना. पूर्ण नावं लावली तर ती इतकी लांब की संगीत बिचारं उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्यांना दिसेना. मोठं केलं तर पान उलटायची वेळ चुकीच्या जागी यायची. एक निस्तरावं तर दुसरं पुढे उभं. लोसालीने ऑफिसात बसल्या बसल्या कपाळाला हात लावायची आणि शेजारचा कारकून विचारायचा, घरी कुणी आजारी आहे का?

एवढं सगळं तिने सहन केलं. पण शेवटची ओळ.

शेवटच्या ओळीपुढचं नाव आत्या सांगेना. स्क्रिप्ट अशी की ओळीला नाव नसेल तर अडून बसायची, पानच उमटवायची नाही. लोसालीनेने विचारलं, इथे कुणाचं नाव आहे? आत्या आधी म्हणाली, पुरुष लिही. ते छापलं तर म्हणाली, पुरुष कशाला, सगळे लिही. सगळे लिहिलं तर लाल फुली. आणि नावाचं एक वेळ राहू दे, सूरही दर वेळी निराळे. पहिल्यांदा ओळ सातावर संपली, दुसऱ्यांदा तिनावर उतरली, पाचव्यांदा खाली जाता जाता मध्येच वर गेली. वही तीच, भिंग तेच, आत्या तीच. लोसालीनेने सहाही वेळचे कागद जपून ठेवले होते, आणि सहाच्या सहा ओळी निराळ्या होत्या.

ती सहाव्यांदाची पानं घेऊन तशीच उठली. वायसिमा म्हणाला, कमरेला चटई तरी बांध, आत्याकडे जातेयस. तिने बांधली; मोठ्यांकडे जाताना कमरेला विणलेली चटई गुंडाळायची, हा आमच्याकडचा मान. राग असला तरी माणसाने नीट कपड्यांत जावं.

आत्या कालोलाइने पडवीत पाय पसरून बसली होती. मोठ्या हाडापेराची बाई. एकाहत्तर वर्षांची, पण आवाज अजून चर्चच्या मागच्या भिंतीला लागायचा. तिने पानं पाहिली आणि म्हणाली, बस, चहा घे, पाव आहे. लोसालीने बसली, चहाला हात लावला नाही.

"आत्या, रागावू नका. पण वहीत काय लिहिलंय तेवढंच मला सांगा. तुम्हाला बरं वाटतं ते नको. बाबांनी लिहिलंय ते."

एवढं बोलून तिची तिलाच धडकी भरली. आत्यापुढे कुणी असं बोलत नाही. बाबा स्वतः कधी बोलले नव्हते; आत्या खोलीत आली की ते गप्प व्हायचे आणि उठून चांगली जागा रिकामी करून द्यायचे.

आत्याने बराच वेळ पाव चहात बुडवला. तो विरघळून पडला तरी बुडवत राहिली.

"तुला काय वाटतं, मी खोटं सांगते?"

लोसालीनेला आता मागे फिरता येईना. ती म्हणाली की सहा वेळा सहा सूर निघाले, मग खरा कुठला ते तिला कसं कळावं. गुरुवार परवावर आला. पंच जुनं स्तोत्र गातील. बाबांचं एवढं एकच राहिलंय आणि तेही तिने त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि मग फुटला, आणि ती रडायला लागली, रागाने की कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं.

आत्याने मागे वळून पेटीतून वही काढली. कापडी पुठ्ठ्याची, कडा पिवळ्या पडलेल्या. तिने ती मांडीवर घेतली नाही. लोसालीनेच्या पुढ्यात चटईवर ठेवली.

"घे. मी देतेय, दोष माझ्यावर. उघड."

लोसालीनेचा हात पुढे होईना. आत्या दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिने वही उघडली, स्तोत्र काढलं, पानं उलटली. शाईचे जाड, उजवीकडे झुकलेले आकडे. ओळीपुढे नावं: फिनेआसी थोरला, फिनेआसी कोपऱ्यातला, रस्त्यापलीकडच्या बायका. सगळं आत्याने सांगितलं होतं तसंच. शेवटच्या पानावर तीन ओळी होत्या. चौथ्या ओळीची जागा आखून ठेवली होती आणि ती कोरी होती.

"तो पुरं करू शकला नाही," आत्या म्हणाली. "इस्पितळात नेलं तेव्हा वही उशाशी होती. परत आली ती अशीच. आता पन्नास माणसांपुढे सांगू, की माझ्या भावाला शेवट सुचला नाही? सारं गाव म्हणालं असतं, म्हातारा दमला होता. म्हणून मी बसवत होते. त्याचा वाटावा असा. पण जमत नाही, पोरी. रोज नवा सुचतो आणि सकाळी तो खोटा वाटतो. मग तुझ्या कागदावर फुली मारते."

लोसालीनेच्या अंगातला राग एकदम गेला आणि त्या जागी काहीच उरलं नाही. दोन महिने ती ज्यासाठी कॉम्प्युटरशी झगडत होती ते मुळात नव्हतंच. बाबांनी केलं तसंच, म्हणे. बाबांनी केलंच नव्हतं. तिने पान पडवीच्या उजेडाकडे तिरपं केलं, उगाच, काही दिसेल म्हणून नव्हे.

कोऱ्या ओळीपुढे, नावाच्या जागी, पेन्सिलीने काहीतरी होतं. इस्पितळात शाईचं पेन नसावं. अक्षर हललेलं, पुसट, कागदाच्याच रंगाचं झालेलं. तिने वही डोळ्यांजवळ नेली.

"आत्या, ही ओळ रिकामी नाही."

"आकडा एक नाही तिथे. भिंग लावून पाहिलंय मी."

"आकडा नाही. नाव आहे. ही ओळ कुणी उचलायची ते लिहिलंय."

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि राजधानीच्या इस्पितळाची तारीख तिने दोनदा चुकवली होती. तिने विचारलं, कुणाचं?

"कालोलाइने," लोसालीने म्हणाली. "बाकी काही नाही. नुसतं तुमचं नाव."

 रस्त्यावरून कुणीतरी मोठ्याने नमस्कार करत गेलं, त्याला आत्याने उत्तर दिलं नाही, आणि असं गावात कधी झालं नव्हतं. मग ती पुढे वाकली, भिंग घेतलं, पान चेहऱ्याला लागेपर्यंत जवळ धरलं, आणि भिंग खाली ठेवलं.

"मला दिसत नाही. कुठे आहे? बोट ठेव."

लोसालीनेने बापाच्या अक्षरावर बोट ठेवलं. आत्याने तिच्या बोटाशेजारी आपलं बोट नेलं आणि कागद चाचपला.

"वर्षभर मी त्याची लाज झाकत होते," ती म्हणाली. "आणि तो माझी वाट बघत होता."

मग तिने पदराने तोंड पुसावं तसं कमरेच्या कापडाच्या टोकाने पुसलं, पाठ ताठ केली आणि शेवटची ओळ गायली. भावाची वाटावी म्हणून नाही. आपल्या आवाजात, आपल्या वळणाने, मागच्या सहांतली एकही नाही. लोसालीनेने आकडे लिहून घेतले. चौथ्या ओळीपुढे आत्याचं नाव घातलं तेव्हा स्क्रिप्ट अडली नाही.

गुरुवारी सकाळी तिने पानं नेऊन दाखवली. आत्याने ती हातात घेतली, वाचून दाखवायला सांगितली आणि परत केली. लाल पेन तिच्या शेजारीच पडलं होतं, पण तिने ते उचललं नाही.