लोटनची मोटर आणि मोतीलालचं यंत्र

मोतीलाल बैसाणे या वेळी ओरडला नाही, कारण सकाळपासून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. दाबाचा काटा पुन्हा चढला होता. म्हणजे पंप पुन्हा बंद पडला होता, यंत्राच्या पोलादी कड्यात हवा शिरली होती, आणि दोन दिवस उपसलेली ती हवा आता पहिल्यापासून उपसायची होती.

अमळनेरबाहेरच्या एका कॉलेजच्या शेडमध्ये हे टोकामॅक नावाचं यंत्र होतं, आणि मोतीलाल ते सांभाळणारा इंजिनिअर. मोठ्या संस्थांतल्या यंत्रांपुढे हे अगदीच लहान, पण काम तेच: कड्यातली सगळी हवा काढायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, चुंबकांनी तो भिंतींपासून लांब धरायचा आणि सूर्यात तापतो तसा तापवायचा. सूर्य जमिनीवर आणायला निघालेल्यांना अमळनेरची वीज धड मिळत नव्हती. मोतीलालला या गोष्टीचं हसू यायचं बंद होऊन बरेच महिने झाले होते.

नुसती वीज गेली असती तर त्यानं बोर्डाला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. पण शेतातल्या मोटरी दिवसा चालू नयेत म्हणून बोर्ड तीनपैकी एक फेज काढून घ्यायचं, आणि वरच्या गावातले लोक कंडेन्सर जोडून उरलेल्या दोन फेजांवर मोटरी दामटायचे. लाईन सगळ्यांची एकच. तिकडे मोटरी सुरू झाल्या, की इकडे व्होल्टेज पडायचं आणि पंप मान टाकायचा. आणि त्या गावात कंडेन्सर आणणारा पहिला महाभाग म्हणजे लोटन, मोतीलालचा सख्खा मोठा भाऊ.

सोमवारी दिल्लीची समिती येणार होती. तिच्यासमोर यंत्र पेटलं तर ते इथेच राहणार, नाही तर गुजरातेतल्या संस्थेकडे जाणार. शिक्षण संपल्यापासून मोतीलालनं दुसरं काही केलंच नव्हतं. लग्नसुद्धा त्यानं पंप दुरुस्तीला गेला होता तेव्हा उरकून घेतलं होतं. तो सायकल काढून तणतणत भावाच्या शेतात गेला.

“भाऊ, दोन दिन मोटर बंद ठेव. तुन्ही बी आनि गावनी बी.”

“आते भुईमूगले आऱ्या सुटन्यात,” लोटन वाफ्यातून वर न बघता म्हणाला. “आते पानी तोडं ते शेंगा पोचट.”

“मन्हा बठ्ठा जीव त्या यंत्रमा शे.”

“काय पिकाडस रे तुन्हं यंत्र?”

मोतीलालनं रागानं बांधावरच्या ढेकळाला लाथ मारली. त्यानं सायकल वळवली, तेव्हा मागून लोटन वैतागून म्हणाला, “दोनच दिन. बठ्ठा गावले सांगस मी.”

मोटरी बंद राहिल्या आणि काटा उतरला तो उतरलाच. सोमवारी समितीसमोर बटण दाबलं आणि यंत्राच्या काचेच्या खिडकीत गुलाबी-जांभळा उजेड लखलखला, पापणी लवायच्या आत विझलाही. समितीनं टाळ्या वाजवल्या. आपला भुईमूग कशापायी वाळतोय ते बघायला लोटन धुतलेला शर्ट घालून आला होता आणि मागे स्टुलावर बसला होता.

“इतलंच?” त्यानं विचारलं.

“इतलंच,” मोतीलाल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि भावाला एक ठेवून द्यावी असंही त्याला वाटत होतं.

मग विभागप्रमुख डॉ. भामरे बोलायला उभे राहिले. आनंदाच्या भरात या माणसाला नेहमीच नको ते सुचायचं. “दोन दिवस वरच्या गावाच्या मोटरी बंद होत्या आणि यंत्र चाललं,” ते म्हणाले. “म्हणजे दोष कुठे आहे ते सिद्ध झालं. समितीनं बोर्डाला लिहावं. कंडेन्सर जप्त करा, कनेक्शनं तोडा, यंत्र इथे कायम चालेल.”

समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. लोटन धाकट्या भावाकडे बघत राहिला.

मोतीलालच्या मस्तकात तिडीक गेली. “मोटरी बोर्डानं नाही बंद केल्या, साहेब. माझ्या भावानं केल्या, मी मागितलं म्हणून. आम्हाला वेगळी लाईन मागा.”

“वेगळी लाईन मिळायला किती वर्षं लागतील, कल्पना आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मग गुजरातला घेऊन जा यंत्र. भावाचं पाणी तोडून मला ते चालवायचं नाही.”

भामरे कपाळाला हात लावून खाली बसले. बाहेर आल्यावर तर लोटननंच त्याला फैलावर घेतलं. “येडा व्हयना का तू? मी काहीबी करी लेतू. इतलं शिकना आनि तोंड आवरता नही येस तुले.” मोतीलालनं खाली वाकून सायकलचं कुलूप उघडलं. त्याला रडू येत होतं, आणि ते भावाला दाखवायचं नव्हतं.

दिवाळीआधी यंत्र गुजरातला न्यायला ट्रक आला. सोबतचे हमाल ते कडं भंगारासारखं ओढू लागले, आणि मोतीलाल त्यांच्यावर चिडून चिडून थकला. तेवढ्यात लोटन गावातली माणसं घेऊन आला. त्यानं हमालांना बाजूला केलं, ट्रकमध्ये गोणपाट अंथरलं, आणि स्वतः कड्याला खांदा देत आपल्या माणसांवर खेकसला, “हळू धरा रे. मन्हा भाऊनं शे हाई.”